सिंहगडाएवढा उंच, पण सिंहगड नव्हे: माउंट मॅन्सफिल्डची उन्हाळी चढाई

सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १,३१२ मीटर आणि अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या माउंट मॅन्सफिल्डची १,३३९. फरक आठ-नऊ मजली इमारतीएवढा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बॉस्टनकडे किंवा न्यू जर्सीत नव्याने आलेला पुणेकर हमखास म्हणतो, "मग काय, सकाळी जाऊन जेवायला परत." मीही तेच म्हणाले होते. जीन्स, अर्धा लिटर पाण्याची बाटली आणि ऑफिसला घालायचे बूट अशा थाटात सकाळी अकराला चढायला लागले, आणि वाटेवरच्या टाफ्ट लॉज या निवाऱ्याच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसून मुकाट परत फिरले. शिखर तिथून जेमतेम अर्धा मैल होतं.

माझं चुकलं ते समुद्रसपाटीच्या आकड्यावर विसंबल्यामुळे. चालणाऱ्याला लागतो तो पायथ्यापासूनचा चढ. मॅन्सफिल्डच्या नेहमीच्या वाटेवर तो २.३ मैलांत सुमारे २,८०० फूट आहे, म्हणजे पावणेचार किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढताना एवढा चढ लागत नाही. दुसरं म्हणजे अक्षांश. सिंहगड अठरा अंशांच्या थोडा वर, मॅन्सफिल्ड साडेचव्वेचाळीसवर. तिथे चार हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात, कारण थंडी, वारा आणि हिवाळाभर फांद्यांवर गोठत राहणारं धुकं यांच्यापुढे ती तग धरत नाहीत. त्यापुढे उघडा कातळ आणि आर्क्टिकमध्ये असतात तशी इटुकली झुडपं. जुलैमध्येसुद्धा वर स्वेटर लागतो.

हे ठाऊक असेल तर पहिल्या खेपेलाच वर पोचता येतं. मी दुसऱ्या खेपेला पोचले आणि त्यानंतर बऱ्याच नवख्यांना घेऊन गेले. त्यांना दरवेळी तोंडी सांगते ते इथे लिहून ठेवते.

आधी डोंगराची ओळख

स्टो या गावावरून पश्चिमेला पाहिलं की मॅन्सफिल्डची धार आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसते. ठिकाणांची नावंही तशीच पडली आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे फोरहेड, नोझ, अप्पर लिप, लोअर लिप, चिन आणि शेवटी अ‍ॅडम्स अ‍ॅपल. कपाळ, नाक, दोन ओठ, हनुवटी, कंठमणी. सर्वांत उंच आहे ती हनुवटी, ४,३९३ फूट. व्हरमाँटचं हे सर्वोच्च टोक. ही नावं पाठ करून जा, कारण वाटेवरच्या पाट्यांवर कुठेही 'समिट' शोधलंत तर गोंधळ होईल. 'द चिन' शोधायचं. नाकावर टीव्ही-रेडिओचे मनोरे आहेत. ते दूरवरून दिसतात आणि नवखे त्यालाच शिखर समजतात.

स्कीशी या डोंगराचं नातं जुनं आहे. महामंदीत बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने उभारलेल्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'ने १९३३ साली इथे जंगल तोडून ब्रूस ट्रेल ही स्कीची वाट काढली. १९४० मध्ये एकेका माणसाला वर नेणारी लोंबती खुर्ची सुरू झाली. अमेरिकेत स्कीच्या उतारांवर जखमींना मदत करणारं 'नॅशनल स्की पेट्रोल' आहे, त्याचं बीजही इथलंच. मिनॉट डोल नावाचा गृहस्थ १९३६ मध्ये या उतारावर घोटा मोडून बर्फात पडून राहिला आणि मदत पोचायला फार वेळ लागला. पुढे १९३८ मध्ये त्याच्या पुढाकाराने हे दल उभं राहिलं.

आपल्याला उन्हाळ्यात याचा उपयोग काय? एक म्हणजे डोंगरावर गोंडोला (तारेवरून वर जाणारे बंद पाळणे) आणि गाडीरस्ता आहे, त्यामुळे चालता न येणारी माणसंही धारेजवळ पोचतात. आणि तोटा असा की गोंडोला दिसला की डोंगर पाळीव वाटायला लागतो.

हिरव्या पट्ट्यांचा मोह

पार्किंगमधून वर पाहिलं की जंगलाच्या मधून गवताचे रुंद पट्टे थेट वर गेलेले दिसतात. ते हिवाळ्यातले स्कीचे उतार. झाडी नाही, वाट चुकायची भीती नाही, समोर वरचं टोक दिसतंय, मग सरळ इथूनच का चढू नये, असं प्रत्येकाला वाटतं.

चढून पाहिलंत तर कळेल. गवताखाली जमीन उंचसखल असते, ओल असते, आणि पावसाचं पाणी बाजूला काढण्यासाठी ठरावीक अंतरावर आडवे चर खणलेले असतात. ते गवतात दिसत नाहीत आणि पाय मुरगळतो. कृत्रिम बर्फासाठीच्या पाइपलाइनी आणि नळाची तोंडं कडेने असतात. देखभालीच्या गाड्या आणि गवत कापणारी यंत्रं उन्हाळ्यातच काम उरकतात. शिवाय सावली नाही. पट्ट्याच्या तोंडाशी हिरवं वर्तुळ, निळा चौकोन किंवा काळा बर्फीसारखा चौकोन अशी खूण असते, ती स्की करणाऱ्यांसाठी: हिरवं सोपं, निळं मध्यम, काळं अवघड. चालणाऱ्याने ती पायवाटेची खूण समजू नये.

चालणाऱ्यांच्या खुणा वेगळ्या. झाडावर किंवा कातळावर रंगवलेला छोटा उभा पट्टा. पांढरा असेल तर ती 'लाँग ट्रेल' ही राज्यभर जाणारी मुख्य वाट, निळा असेल तर तिला मिळणारी आडवाट. झाडं संपल्यावर पट्टे कातळावर दिसतात आणि जोडीला रचलेल्या दगडांच्या राशी. आपल्याकडे बाण पाहत चालतो तसंच, फक्त इथे पुढचा पट्टा दिसत नसेल तर मागचा पट्टा दिसेपर्यंत परत यायचं, आणि मगच पुढचा विचार.

वाट निवडा

वाटा बऱ्याच आहेत. नवख्याने त्यातल्या चारच लक्षात घ्याव्यात.

पहिली, आणि माझी शिफारस हिलाच: पूर्वेकडून, रूट १०८ वरून लाँग ट्रेलने. चिनपर्यंत २.३ मैल. पार्किंगला पैसे नाहीत, वाट रुळलेली आहे, १.७ मैलांवर टाफ्ट लॉज हा लाकडी ओंडक्यांचा निवारा आहे, आणि अंगात बळ नसेल तर तिथून परत फिरायला लाज वाटत नाही. (अनुभवाचे बोल.) लाँग ट्रेल म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत व्हरमाँट उभं चिरत जाणारी २७२ मैलांची वाट. 'ग्रीन माउंटन क्लब' १९१० मध्ये स्थापन झाला आणि १९३० पर्यंत त्यांनी ती पुरी केली. अमेरिकेतली ही सर्वांत जुनी लांब पल्ल्याची पायवाट. तुम्ही तिचा एक छोटा तुकडा चालणार आहात.

एक मेख आहे. संपूर्ण वाटेच्या हिशेबात रूट १०८ वरून मॅन्सफिल्डकडे जाणं म्हणजे दक्षिणेला जाणं. त्यामुळे 'लाँग ट्रेल साउथ' ही पाटी धरायची. 'नॉर्थ' धरलीत तर रस्त्याच्या पलीकडे स्टर्लिंग पाँड नावाच्या तळ्यावर जाल. तळं सुंदर आहे, पण तुम्ही त्यासाठी आलेला नसता.

दुसरी वाट पश्चिमेकडून, अंडरहिल स्टेट पार्कमधून, सनसेट रिज. थोडी लांब, एका बाजूने साधारण सव्वातीन मैल, पण चढ सौम्य आणि वरचा बराच भाग उघड्या सोंडेवरून जातो. पार्कची प्रवेश फी भरावी लागते. चालायला मला ही जास्त आवडते. पण उघड्यावर जास्त वेळ चालावं लागतं, म्हणून हवा शंभर टक्के चांगली असेल तरच. बर्लिंग्टनकडून येणाऱ्यांना ती जवळही पडते.

तिसरी, टोल रोड. गाडीने साडेचार मैल कच्च्या वळणावळणाच्या रस्त्यावरून नाकाच्या पायथ्याशी पोचायचं आणि तिथून धारेवरून सव्वा मैलाच्या आसपास चालत हनुवटी गाठायची. हाच रस्ता हिवाळ्यात नवशिक्यांचा स्कीचा उतार असतो.

चौथी, गोंडोलाने क्लिफ हाउस या वरच्या थांब्यापर्यंत आणि तिथून क्लिफ ट्रेलने. हिच्याबद्दल सावध करायचं आहे. पाळण्यात बसून गेलो म्हणजे उरलेलं किरकोळ, असं समजून लोक चपला घालून येतात. क्लिफ ट्रेल अंतराने अगदी छोटी आहे, पण डोंगरावरच्या सर्वांत खडतर वाटांपैकी एक. शिड्या आहेत, हाताने धरून चढायचे कातळ आहेत, काही ठिकाणी दृष्टीभय आहे. हरिहरच्या किंवा अलंग-मदनच्या वाटा केलेल्यांना मजा येईल. इतरांनी गोंडोलाने जावं, देखावा पाहावा, गोंडोलाने खाली यावं.

हेल ब्रुक ट्रेल नकाशावर छोटी दिसते म्हणून भुलू नका. तिचं नाव उगाच पडलेलं नाही. ओल्या कातळांची उभी घळ आहे. निदान पहिल्या खेपेला नको, आणि उतरायला तर कधीच नको.

कधी जायचं

एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळून वाटांचा चिखल होतो. त्याला इथे 'मड सीझन' म्हणतात, चक्क पाचवा ऋतू मानतात. तेव्हा चाललं की वाट रुंदावते, झिजते, म्हणून मेमोरियल डेच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारापूर्वी, उंचावरच्या वाटांवर जाऊ नये असं राज्य सांगतं. जूनमध्ये वाट उघडते पण 'ब्लॅक फ्लाय' नावाच्या चावऱ्या माश्या असतात. कानामागे, केसांच्या कडेला चावतात आणि तिथे रक्त साकळतं. जूनला जायचंच असेल तर डोक्यावर घालायची जाळी घ्या, दिसेल तशी दिसेल.

माझ्या मते जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचा काळ उत्तम, आणि त्यातही सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. माश्या नाहीत, उकाडा नाही, गर्दी कमी. सप्टेंबरच्या शेवटी मेपलची पानं लाल होतात आणि अर्धं न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा हा ईशान्य कोपरा, तिथे गाड्या घेऊन येतं. त्या दिवसांत सकाळी सातला पार्किंग भरलं तर नवल वाटून घेऊ नका.

हवामानाचा अंदाज स्टो गावाचा पाहू नका. गाव खाली आहे. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशावर थेट शिखराच्या जागी टिचकी मारता येते आणि त्या ठिकाणाचा अंदाज मिळतो. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: वाऱ्याचा वेग, दुपारच्या विजांची शक्यता, आणि ढगांचा तळ. ढोबळ हिशेब असा की हजार फुटांमागे साडेतीन अंश फॅरनहाइट तापमान कमी होतं, म्हणजे पायथ्याशी सत्तर असेल तर वर साठ, आणि वारा असेल तर अंगाला पन्नासच लागणार. विजांची शक्यता असेल तर दिवस बदला. धारेवर लपायला जागा नाही. तिथे 'फ्रेंचमन्स पाइल' नावाची दगडांची रास आहे. पूर्वी कधीतरी एका वाटसरूचा वीज पडून मृत्यू झाला, तीच ही जागा, असं सांगतात.

सामान

कपडे सुती नकोत. सह्याद्रीत सुती चालतं कारण भिजलं तरी आपण उकाड्यातच असतो. इथे घामाने भिजलेला सुती शर्ट घालून धारेवरच्या वाऱ्यात उभं राहिलं की पाच मिनिटांत दात वाजतात. जीन्स तर नकोच नको. पॉलिएस्टरचा साधा टी-शर्ट, व्यायामाची पँट, पाठपिशवीत एक फ्लीस आणि एक पावसाचं जॅकेट. छत्री किंवा पोंचो वर टिकत नाही.

बूट पकड असलेले हवेत. घोट्यापर्यंतचे असले पाहिजेत असं काही नाही. आपल्याकडचे जुने ट्रेकिंगचे बूट चालतील, पण तळवा गुळगुळीत झालेला नसावा. इथला कातळ पावसाळी सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या पॅचइतकाच दगा देतो, आणि वाटेवर झाडांची मुळं ओली असली की साबणासारखी.

पाणी माणशी दोन लिटर, उकाड्यात तीन. वाटेत ओढे आहेत पण गाळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. पाणी कितीही नितळ दिसलं तरी.

आता खाणं. वर पिठलं-भाकरी नाही, ताकवाली मावशी नाही, लिंबू सरबतही नाही. हे ऐकून आमच्या एका पाहुण्याचा उत्साहच मावळला होता. दशम्या, थेपले, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खारे दाणे असं घ्या. गूळ-दाणे हे इथल्या कुठल्याही महागड्या एनर्जी बारच्या तोडीस तोड आहेत आणि निम्म्या किमतीत घरी होतात. केळ्याची साल, संत्र्याची साल, पिस्त्याची टरफलं, सगळं परत आणायचं. "कुजणारच आहे ना" हे इथे चालत नाही. त्या थंडीत साल कुजायला फार वेळ लागतो.

उरलेलं: डोक्याला लावायचा दिवा (उशीर होणार नाही अशी खात्री असली तरी), शिट्टी, बँडेज, टोपी, सनस्क्रीन, आणि नकाशा. पायथ्याच्या खिंडीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. ग्रीन माउंटन क्लबचा कागदी नकाशा मिळतो, तो मी नेहमी बाळगते. काठ्या असतील तर उतरताना उपयोगी, चढताना शेवटच्या टप्प्यात पिशवीला बांधून टाकायच्या.

प्रत्यक्ष दिवस

बॉस्टनहून स्टो साधारण साडेतीन तास. एका दिवसात जाऊन येऊ नका. उतरल्यावर थकलेल्या पायांनी रात्री साडेतीन तास गाडी चालवणं हा त्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग ठरतो. आदल्या रात्री वॉटरबरी किंवा स्टोला मुक्काम करा. आय-८९ महामार्गावरून एक्झिट १०, मग रूट १०० ने स्टो, तिथून डावीकडे रूट १०८. स्की रिसॉर्ट ओलांडल्यावर थोडं पुढे लाँग ट्रेलचं पार्किंग येतं. तिथून जवळच बार्न्स कॅम्प हे माहिती केंद्र आहे. उघडं असेल तर वाटेची ताजी खबर तिथे विचारा.

त्याच रस्त्याने आणखी पुढे गेलात तर स्मगलर्स नॉच ही खिंड लागते. १८०७ मध्ये अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली तेव्हा इथले लोक या खिंडीतून कॅनडाशी चोरटा व्यापार करत, पुढे दारूबंदीच्या काळात दारूही आली. रस्ता इतका अरुंद आणि पिळाचा आहे की पाट्या वाचूनही दरवर्षी कुणी ना कुणी ट्रकवाला तिथे अडकतोच. उतरल्यावर वेळ असेल तर बघून या, ताम्हिणीची आठवण येईल.

सात ते साडेसातला चालायला लागा. वेळेचा हिशेब इथले लोक असा करतात: प्रत्येक मैलाला अर्धा तास, अधिक प्रत्येक हजार फूट चढाला अर्धा तास. आपल्या वाटेला तो अडीच तासांच्या किंचित वर येतो. नवख्यांनी तीन-साडेतीन धरावेत. म्हणजे अकराच्या आत वर, आणि दुपारच्या ढगांआधी झाडीत परत.

पहिला मैलभर दाट रानातून चढ आहे. बर्च, बीच, मेपल. इथे सगळे पळतात आणि पुढे दमतात. बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. दम लागून वाक्य तुटत असेल तर हळू व्हा. जसजसं वर जाल तसतशी पानझडी झाडं कमी होत जातात आणि फर-स्प्रूसची सूचिपर्णी सुरू होते. हवेला नाताळच्या झाडासारखा वास येतो. झाडं हळूहळू खुजी होत जातात. हा बदल पाहण्यासारखा आहे: दोन तासांच्या चालीत तुम्ही जणू कॅनडाच्या उत्तरेपर्यंतची झाडी पाहून घेता.

टाफ्ट लॉज १९२० मध्ये बांधलं. लाँग ट्रेलवरचा हा सर्वांत मोठा लाकडी निवारा. इथे थांबा, खा, आणि स्वतःला खरी उत्तरं द्या. किती वाजले? साडेअकरा उलटून गेले असतील तर परत. वर ढग काळे आहेत? परत. कुणाचे पाय थरथरताहेत? परत, आणि सगळ्यांनी. एकाला तिथे बसवून बाकीच्यांनी वर जाणं मला मान्य नाही. आपल्या ग्रुपमध्ये "तुम्ही या जाऊन, मी बसतो" म्हणणारा एक असतोच. तो नंतर गारठतो.

उत्तरं बरी आली तर पुढचा अर्धा मैल हा खरा मॅन्सफिल्ड. आधी ईगल पास या छोट्या खिंडीत जायचं. उजवीकडे कंठमणीची छोटी वाट फुटते. डावीकडे हनुवटीचा कातळ सरळ उभा दिसतो आणि वाटतं, इथून जातात? जातात. हात वापरावे लागतात. तीन आधारांचा नियम इथेही तोच: दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय, कायम कातळावर. धरायला खाचा भरपूर आहेत, पण मागे वळून पाहिलं तर दृष्टीभय जाणवतं. सरळ पुढे, पांढऱ्या पट्ट्यांवर लक्ष. कातळ ओला असेल तर हा टप्पा करू नका.

त्याला पर्याय आहे. टाफ्ट लॉजपासून एक अर्ध्या मैलाची आडवाट कातळ टाळून हनुवटीच्या दक्षिणेला धारेवर निघते. तिचं अधिकृत नाव प्रोफॅनिटी ट्रेल, म्हणजे शिव्यांची वाट. एकदा चढून पाहा, नाव का पडलं ते तुमच्याच तोंडून ऐकू येईल. पण उभी असली तरी ती झाडीतून जाते, त्यामुळे वारा-पावसात तीच सुरक्षित.

वर पोचल्यावर

पश्चिमेला खाली लेक शँप्लेन आणि त्यामागे न्यूयॉर्कच्या अ‍ॅडिरोंडॅक डोंगररांगा. पूर्वेला हवा स्वच्छ असेल तर न्यू हॅम्पशायरचा माउंट वॉशिंग्टन. उत्तरेला कॅनडाचा सपाट मुलूख. दक्षिणेला कॅमल्स हंप, नावाप्रमाणे उंटाच्या मदारीसारखा.

आणि पायाखाली गवत. त्या गवताबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच आपल्या लोकांना टोकलं जातं. ते गवत नव्हे. बिगेलोज सेज ही आर्क्टिक प्रदेशातली वनस्पती आहे. हिमयुगाचा बर्फ मागे सरकला तेव्हा ही रोपं या माथ्यावर अडकून राहिली. खाली ऊब आली, जंगल आलं, पण माथ्याची थंडी तशीच राहिल्याने ती टिकली. आपल्याकडच्या कासच्या पठारासारखीच गोष्ट, उथळ मातीवर तगलेली खास रोपं. फरक असा की इथे वाढ अतिशय मंद आहे. कुणीतरी फोटोसाठी चार पावलं टाकली तरी तो तुडवलेला पट्टा वर्षानुवर्षं भरून येत नाही. व्हरमाँटभर अशी जागा जेमतेम दोन-तीन शिखरांवर उरली आहे आणि त्यात सर्वांत मोठी ही, सुमारे २०० एकर.

म्हणून पाय फक्त कातळावर. सतरंजी अंथरून डबा उघडायचा तोही कातळावर. वाटेकडेला दोऱ्या आणि दगडांच्या छोट्या रांगा लावलेल्या दिसतात, त्या ओलांडू नका. उन्हाळ्यात ग्रीन माउंटन क्लबचे कार्यकर्ते वर उभे असतात, हसतमुखाने समजावतात. त्यांना रोपांबद्दल विचारा, खूश होतात. राशीतले दगड उचलून आपली नवी रास रचू नका, धुक्यात तीच कुणाची तरी चुकीची दिशा ठरते.

शिवगर्जना देण्याचा मोह होईल. आम्हीही एकदा दिली. शेजारी बसलेलं एक म्हातारं जोडपं दचकलं, मग त्यांनी अर्थ विचारला आणि पुढची दहा मिनिटं त्यात गेली. तरी माझं मत, दुर्बीण घेऊन पक्षी ऐकायला आलेली माणसं वर असतात. बिकनेल्स थ्रश हा दुर्मीळ पक्षी याच खुज्या झाडीत घरटं करतो. आवाज आपल्यापुरता ठेवलेला बरा.

उतरताना

बहुतेकांचे गुडघे आणि घोटे इथेच जातात. पावलं लहान, वजन पुढच्या पायावर पुरतं, घाई नाही. हनुवटीचा कातळ चढताना जड गेला असेल तर उतरायला तो धरूच नका. धारेवरून दक्षिणेला थोडं जाऊन प्रोफॅनिटीने टाफ्ट लॉजला या. चढायला जितका वेळ लागला त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास कमी धरा, त्याहून कमी नको.

"वर गेलो की गोंडोलाने उतरू" हा बेत आखू नका. गोंडोलापर्यंत जायचं म्हणजे क्लिफ ट्रेल उतरायची, आणि ती चढण्यापेक्षा उतरायला वाईट. शिवाय वारा किंवा विजा असल्या की पाळणे थांबतात, म्हणजे नेमकी तुम्हाला गरज असते तेव्हाच. गुडघ्यांचा खरंच प्रश्न असेल तर धारेवरून चालत टोल रोडच्या माथ्यावर जाता येतं आणि तो रस्ता साडेचार मैल पायी उतरता येतो. लांब आहे, धुळीचा आहे, गाड्या येतात, पण पायऱ्या नाहीत. मात्र तुमची गाडी रूट १०८ च्या पार्किंगला असेल हे आधी लक्षात घ्या.

काही झालंच, पाय मुरगळला किंवा वाट हरवली, तर ९११. फोन लागला की जागा सोडू नका. स्टोचं स्वयंसेवी पर्वतबचाव पथक अनुभवी आहे, पण तुम्ही हलत राहिलात तर त्यांना शोधायला जास्त वेळ लागतो. अंगावर असेल नसेल ते घाला, शिट्टी तीनतीनदा वाजवा.

आई-बाबा आलेले असतील तर

उन्हाळा म्हणजे भारतातून आई-बाबा येण्याचा काळ, आणि त्यांना घरी बसवून आपण डोंगर चढायला जाणं बरं दिसत नाही. माझ्या सासू-सासऱ्यांना मी टोल रोडने नेलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय न ठेवता. उतरताना तर हे फारच महत्त्वाचं, ब्रेक तापतात. वरून धारेची वाट सुरू होते. सुरुवातीचा भाग बराचसा सपाट कातळावरून जातो. सासऱ्यांना रोज पर्वती चढायची सवय, ते हनुवटीपर्यंत आले. सासूबाई अर्ध्या मैलावर एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसल्या, सोबत मुलगा होता, आणि तिथे त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्या तीन-चार अमेरिकनांना चिक्की खाऊ घातली.

टोल रोड साधारण मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडा असतो आणि पाऊस-धुकं असेल तर बंद ठेवतात. गोंडोलाचे दिवस त्याहून कमी, शिवाय वर्षागणिक बदलतात. दोन्हीचे दर आणि वेळा निघण्याआधी त्याच आठवड्यात पाहा. आणि थंडी त्यांना जास्त वाजते, तेव्हा गाडीत शाल, कानटोपी, थर्मासमध्ये चहा.

खाली आल्यावर मेपलचं 'क्रीमी' खा. मऊ आइस्क्रीमला व्हरमाँटमध्ये याच नावाने ओळखतात. आणि रात्री आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागची वळी, कमरेची कड आणि डोक्याचे केस नीट तपासा. खालच्या रानात तिळाएवढ्या गोचिड्या असतात आणि त्यातल्या काहींमुळे लाइम रोग होतो. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढायची, चुरगळायची नाही, तेल-मीठ लावत बसायचं नाही. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा तिथे लाल चकती पसरली, तर ती तारीख डॉक्टरांना सांगायची.